ॲस्पेनची पेढी कोणी बुडवली?

#थ्रेड #इतिहास

१/
अमेरिकेच्या पश्चिम सीमाप्रदेशातील बँक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर चित्रपटातले दृश्य उभे राहते : धुळीचा रस्ता, दाराशी बांधलेले घोडे आणि तोंडावर रुमाल बांधलेले दरोडेखोर. असे दरोडे खरोखरच पडत. २४ जून १८८९ रोजी कोलोरॅडो राज्यातील टेल्युराइड या खाणगावात बुच कॅसिडी आणि त्याच्या साथीदारांनी सॅन मिगेल व्हॅली बँकेतून सुमारे २० हजार डॉलर लुटून नेले.

२/
त्या दरोड्याने ती बँक बुडाली नाही. कोलोरॅडोतील बँका एकामागून एक कोसळल्या त्या चार वर्षांनी, १८९३ च्या उन्हाळ्यात. आणि तेव्हा त्यांच्या तिजोऱ्यांना कोणी हातही लावला नव्हता. मित्रांनो, आज त्यांपैकी एका पेढीची कथा पाहू. गाव ॲस्पेन, पेढी जे. बी. व्हीलर यांची. तिच्या अंताचा एक धागा शोधत गेलो, तर आपण मुंबईच्या टांकसाळीच्या दाराशी येऊन पोहोचतो.

३/
ॲस्पेन हे रॉकी पर्वताच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर वसलेले गाव. १८७९ मध्ये लेडव्हिल या खाणनगरीतून काही धाडसी शोधक बर्फाच्छादित खिंड ओलांडून रोअरिंग फोर्क नदीच्या खोऱ्यात उतरले आणि त्यांना चांदीच्या शिरा सापडल्या. आरंभी वस्तीचे नाव होते यूट सिटी. १८८० मध्ये ते बदलून ॲस्पेन असे ठेवण्यात आले.

४/
पहिल्या नावातच त्या भूमीच्या मूळ मालकांची खूण होती. ही यूट लोकांची भूमी होती. १८७९ मध्ये मीकर येथे यूट आणि सरकारी दलांत संघर्ष झाला आणि १८८१ मध्ये त्या भागातील बहुसंख्य यूट लोकांना बळाने यूटा प्रदेशात हलवण्यात आले. 'सीमाप्रदेशातील समृद्धी' या शब्दांमागे हे विस्थापन आहे, हे विसरून चालणार नाही.

५/
चांदी सापडली, तरी ती बाजारात नेणे सोपे नव्हते. रेल्वे नव्हती. खनिज खेचरांच्या पाठीवर लादून उंच खिंडीतून लेडव्हिलला न्यावे लागे. वाहतुकीचा खर्च एवढा, की केवळ अतिशय समृद्ध खनिजच परवडे. हलक्या प्रतीचे खनिज खाणीच्या तोंडाशी ढिगाऱ्यात पडून राही. गावाला माणसांपेक्षाही भांडवलाची गरज अधिक होती.

६/
ते भांडवल घेऊन आले जेरोम बी. व्हीलर. यादवी युद्धात उत्तरेच्या घोडदळात लढलेला हा गृहस्थ न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध मेसीज या दुकानाचा भागीदार होता. त्याची पत्नी मेसी घराण्यातील. १८८३ च्या सुमारास त्याचे लक्ष ॲस्पेनकडे वळले. त्याने अर्धवट पडलेली धातू गाळण्याची भट्टी पुरी केली, खाणींत हिस्से घेतले, कोळशाच्या खाणी विकत घेतल्या, कोलोरॅडो मिडलँड रेल्वेत पैसा गुंतवला. आणि १८८४ मध्ये गावात स्वतःच्या नावाची बँक उघडली.

७/
१८८७ च्या अखेरीस ॲस्पेनला पहिली रेल्वे पोहोचली आणि काही महिन्यांतच दुसरी. ढिगाऱ्यात पडलेल्या हलक्या खनिजालाही आता मोल आले. १८८९ मध्ये व्हीलरने गावात दोन वास्तू उभारल्या : हॉटेल जेरोम आणि व्हीलर ऑपेरा हाउस. ऑपेरा हाउसच्या वरच्या मजल्यावर नाट्यगृह होते आणि तळमजल्यावर व्हीलरची बँक. दगडी भिंतींची ती भक्कम इमारत आजही उभी आहे.

८/
१८९० च्या शिरगणतीत ॲस्पेनची लोकसंख्या ५,१०८ भरली. पुढची तीन वर्षे ती वाढतच गेली. १८९१ मध्ये चांदीच्या उत्पादनात ॲस्पेनने लेडव्हिललाही मागे टाकले. बारा वर्षांपूर्वी जिथे काही तंबू होते, तिथे आता शाळा, चर्च, वृत्तपत्रे, विजेचे दिवे आणि अर्थातच बँका होत्या.

९/
अशा गावातली बँक नेमके काय करीत असे? खाण कंपन्यांच्या मजुरीची रोकड ती पुरवी. न्यूयॉर्क वा शिकागोवर काढलेल्या हुंड्या वटवून देई. दुकानदाराला हिवाळ्याचा माल भरण्यासाठी उधारी देई. दिवसाला साधारण तीन डॉलर कमावणारा खाणकामगार आपली शिल्लक तिथेच ठेवी. थोडक्यात, गावाच्या मजुरीपासून वाण्याच्या वहीपर्यंतचा पैसा तिच्या खिडकीतून जाई.

१०/
व्हीलरची बँक ही खासगी पेढी होती. संघीय कायद्याखालील 'नॅशनल बँकां'ना किमान भांडवल, ठरावीक रोख राखीव निधी आणि सरकारी तपासनीस यांची बंधने असत; जमीन गहाण ठेवून कर्ज देण्यास त्यांना मनाई होती. खासगी पेढीवर ही बंधने नसत. ठेवीदाराचा आधार एकच : मालकाची पत. पेढी तोट्यात गेली तर मालकाच्या खासगी मालमत्तेतून देणे भागवायचे. आणि व्हीलर तर ॲस्पेनमधील अत्यंत श्रीमंतांपैकी एक होता!

११/
आता थोडे गणित. समजा, एखाद्या पेढीत १०० डॉलरच्या ठेवी आहेत. त्यांतले २० रोकड म्हणून तिजोरीत किंवा मोठ्या शहरातील बँकेत ठेवले आणि ८० कर्जाऊ दिले. एका दिवशी फक्त पाचच डॉलर मागितले जातात, तोवर सारे सुरळीत. पण सगळे ठेवीदार एकाच सकाळी आले, तर एकविसावा डॉलर देणे कोणत्याही प्रामाणिक पेढीवाल्याला शक्य नाही. उरलेले ८० परत यायला महिने लागतात. ही सर्वच बँकांची नित्याची स्थिती आहे.

१२/
ॲस्पेनमध्ये यापुढची एक अडचण होती. कर्ज घेणारा खाणमालक चांदीवर जगणारा. दुकानदाराचे गिऱ्हाईक चांदीवर जगणारे. तारण म्हणून ठेवलेले खाणीचे हिस्से, घरे, जागा यांची किंमत चांदीवर ठरणारी. ठेवीदाराची मजुरीही चांदीतूनच येणारी. शेतीच्या गावात एका शेताचे पीक गेले तरी दुसऱ्याचे तरते. इथे सगळ्यांचे पीक एकच होते, आणि त्याचा भाव एका तारेने सर्वांसाठी एकाच दिवशी बदलत असे.

१३/
आणि मालकाची पत? व्हीलरने १८८८ च्या सुमारास मेसीजमधील आपली भागीदारी सोडली. न्यूयॉर्कच्या कापडचोपडाच्या व्यापाराशी त्याचे नाते संपले. आता त्याची संपत्ती होती खाणींत, भट्टीत, हॉटेलात आणि खनिज वाहणाऱ्या रेल्वेत. म्हणजे संकटात पेढीला सावरण्यासाठी जी मालमत्ता हाताशी असायला हवी, तीच चांदी कोसळली की पेढीबरोबर कोसळणार होती. ठेवीदारांना वाटे की त्यांच्या मागे दोन भिंती आहेत. प्रत्यक्षात पाया एकच होता.

१४/
मग चांदीचा भाव ठरत कुठे होता? १८७० च्या दशकात जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारले, १८७३ च्या नाणेकायद्याने अमेरिकेने चांदीच्या डॉलरची मुक्त पाडणी थांबवली. उलट पश्चिमेतील नव्या खाणींतून चांदीचा पूर येत होता. मागणी घटली, पुरवठा वाढला. औंसाला सुमारे १ डॉलर ३० सेंट असणारा भाव दशकानुदशक उतरत गेला.

१५/
हा उतार थोपवण्यासाठी खाणराज्यांनी वॉशिंग्टनकडे धाव घेतली. १८७८ च्या कायद्याने सरकार दरमहा २० ते ४० लाख डॉलरची चांदी घेऊ लागले. १८९० च्या शर्मन कायद्याने ही खरेदी दरमहा ४५ लाख औंसांवर नेली. देशातील जवळजवळ सगळे उत्पादन सरकारच उचलणार, असा याचा अर्थ. ॲस्पेनचा सुवर्णकाळ (खरे तर रौप्यकाळ!) या सरकारी खरेदीच्या आधारावर उभा होता.

१६/
म्हणूनच लोकप्रिय इतिहासात एक वाक्य वारंवार वाचायला मिळते : 'शर्मन कायदा रद्द झाला आणि ॲस्पेन बुडाले.' आता तारखा पाहा. शर्मन कायद्याची खरेदी रद्द झाली १ नोव्हेंबर १८९३ रोजी. कोलोरॅडोतील खाणी आणि बँका बंद पडू लागल्या होत्या जून-जुलैमध्येच. परिणाम कारणाच्या चार महिने आधी घडत नाही. तेव्हा काहीतरी आधी घडलेले असले पाहिजे.

१७/
ते घडले हिंदुस्थानात. १८९३ पर्यंत मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळींत कोणीही व्यापारी चांदीच्या लगडी घेऊन जाऊ शके आणि अल्प आकार देऊन त्यांचे रुपये पाडून घेऊ शके. १८० ग्रेन वजनाचा रुपया, त्यात बारातील अकरा भाग शुद्ध चांदी. युरोपने चांदीकडे पाठ फिरवल्यावर हिंदुस्थान हा तिचा फार मोठा ग्राहक उरला होता. रॉकी पर्वतातली चांदी लंडनच्या बाजारमार्गे पूर्वेकडे वाहत होती.

१८/
पण चांदी उतरली की तिच्याबरोबर रुपयाही उतरे. एकेकाळी सुमारे दोन शिलिंगांचा असलेला रुपया १८९२-९३ मध्ये सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनमध्ये व्याज, निवृत्तिवेतने, लष्करी खर्च अशी देणी पौंडांत भागवावी लागत. यांनाच 'होम चार्जेस' म्हणत. रुपया उतरेल तितका हा बोजा जड होई आणि तो पडे इथल्या करदात्यावर. लॉर्ड हर्शेल यांच्या समितीने उपाय सुचवला : टांकसाळी चांदीला बंद करा.

१९/
२६ जून १८९३, सोमवार. सिमल्यात व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या विधिमंडळाने तसा कायदा केला. त्या दिवसापासून खासगी व्यक्तींसाठी चांदीचे रुपये पाडणे बंद झाले. कोलोरॅडोचे नुकसान करावे असा यात कोणाचाही हेतू नव्हता. सिमल्यातील अधिकाऱ्यांच्या समोर अंदाजपत्रक होते आणि ॲस्पेनचा विचार करण्याचे त्यांना काही कारणही नव्हते.

२०/
समुद्राखालच्या तारांनी बातमी लंडनला आणि तिथून न्यूयॉर्कला पोहोचली. औंसाला सुमारे ८३ सेंट असलेला चांदीचा भाव चार दिवसांत ६२ सेंटांवर आला. चौथा हिस्सा किंमत एका आठवड्याच्या आत नाहीशी झाली. ज्या खाणीचा खर्च औंसाला ७० सेंट, ती खाण रविवारी नफ्यात होती आणि शुक्रवारी तोट्यात.

२१/
हा घाव एकटा असता तर कदाचित सोसला असता. पण देश आधीच आजारी होता. फेब्रुवारीत फिलाडेल्फिया अँड रीडिंग रेल्वेचे दिवाळे निघाले. एप्रिलमध्ये सरकारची सोन्याची गंगाजळी दहा कोटी डॉलरच्या खाली गेली. मे महिन्यात शेअरबाजार कोसळला. आणि ३० जून रोजी अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी शर्मन कायदा रद्द करण्यासाठी काँग्रेसचे विशेष अधिवेशन बोलावल्याची घोषणा केली. एकाच आठवड्यात चांदीचा एक मोठा ग्राहक गेला आणि दुसरा जाण्याच्या वाटेवर लागला.

२२/
जूनच्या अखेरीस कोलोरॅडोतील खाणमालक आणि भट्टीवाले डेन्व्हरमध्ये एकत्र आले आणि त्यांनी काम थांबवण्याचा निर्णय घेतला. ॲस्पेनच्या खाणीही थंडावल्या. आता पेढीच्या काउंटरवर काय घडले असेल, ते ओळखणे अवघड नाही. मजुरी थांबलेला कामगार आपली शिल्लक काढायला येणार. गाव सोडून जाणारा तर सगळीच रक्कम मागणार. दुकानदार उधारी फेडू शकणार नाही. तारण विकावे तर घेणारा कोण? खाणीच्या कागदाला गावात कोणी हात लावेना.

२३/
मोठ्या शहरातील बँकेत ठेवलेली रोकड मागवावी, तर तिथेही तीच झुंबड. १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत एकट्या डेन्व्हरमध्ये बारा बँकांनी दारे लावून घेतली. छोट्या गावाची बँक राजधानीतल्या बँकेवर विसंबलेली, राजधानीतली बँक न्यूयॉर्कवर विसंबलेली. हात वर करण्याची वेळ सर्वांवर एकदमच आली. मध्यवर्ती बँक त्या देशात नव्हती. ती १९१३ च्या कायद्याने येणार होती. ठेवींना विम्याचे संरक्षण मिळायला १९३३ उजाडावे लागले.

२४/
१८९३ च्या त्या संकटात व्हीलरची ॲस्पेनमधील बँक बंद पडली. इथे एक भेद समजून घ्यायला हवा. 'रोकड संपणे' आणि 'दिवाळे निघणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८९३ मध्ये देशभर पाचशेहून अधिक बँकांनी व्यवहार थांबवले, पण त्यांतल्या कित्येक पुन्हा उघडल्या, डेन्व्हरमधील काही बँकाही. त्यांची येणी खरी होती, फक्त वेळ हवा होता. ज्या पेढीची येणी चांदीच्या ८३ सेंट भावावर मांडलेली होती, तिला नुसता वेळ मिळूनही उपयोग नव्हता.

२५/
या हिशेबाच्या मागे माणसे होती. कोलोरॅडोच्या कामगार विभागाने त्या उन्हाळ्याच्या अखेरीस केलेली नोंद अशी : ४३५ खाणी बंद, ३७७ व्यवसाय बुडाले, ४५ हजार लोक बेकार. अनेक कामगारांची नोकरी आणि बचत एकाच महिन्यात गेली. संकटासाठी बाजूला ठेवलेला पैसाच संकटाच्या दिवशी हाती येईना. डेन्व्हरमध्ये बेकारांसाठी नदीकाठी छावणी उभारावी लागली आणि लोकांनी शहर सोडावे म्हणून रेल्वे कंपन्यांनी भाडे उतरवले.

२६/
त्या वेळी कोलोरॅडोचे राज्यपाल होते डेव्हिस वेट. ॲस्पेनमध्येच वृत्तपत्र चालवून पुढे आलेले, पॉप्युलिस्ट पक्षाचे नेते. ११ जुलैच्या सभेत त्यांनी गर्जना केली, की स्वातंत्र्य गमावण्यापेक्षा घोड्यांच्या लगामापर्यंत रक्त वाहिलेले बरे. पूर्वेकडील वृत्तपत्रांनी त्यांना 'ब्लडी ब्रायडल्स वेट' असे हिणवले. शब्द भडक होते यात शंका नाही. पण ज्या भावावर आपले घर उभे आहे, तो ठरवण्यात आपला काडीचाही हात नाही, ही जाणीव त्यामागे होती.

२७/
पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, ॲस्पेनच्या स्मगलर खाणीतून ८०० किलोहून अधिक वजनाचा चांदीचा प्रचंड गोळा निघाला. चांदी संपली म्हणून ॲस्पेन बुडाले असे ज्यांना वाटते, त्यांनी हा गोळा आठवावा. डोंगरात चांदी भरपूर होती. संपला होता तो तिचा भाव.

२८/
व्हीलर पुन्हा सावरला नाही. १९०१ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली. १९१८ मध्ये त्याचा मृत्यू झाला. ऑपेरा हाउस पुढे थकलेल्या करापोटी नगरपालिकेच्या ताब्यात गेले. १९३० च्या शिरगणतीत ॲस्पेनची लोकसंख्या उरली अवघी ७०५. आज जगभरचे धनिक तिथे स्कीइंगसाठी जातात, पण ते वैभव दुसऱ्या महायुद्धानंतरचे. बर्फावरचे, चांदीवरचे नव्हे.

२९/
आणि आपल्याकडे? टांकसाळी बंद झाल्यावर रुपयाचा भाव त्यातील चांदीपासून सुटला. काही वर्षांत तो १ शिलिंग ४ पेन्सवर स्थिरावला. पण शेतकऱ्याच्या घरातील तोडे, वाळे, कमरपट्टे ही नुसती चांदीच होती. पूर्वी चांदीचे टांकसाळीत रुपये होत, आता तो मार्ग बंद. दादाभाई नौरोजींसारख्या टीकाकारांनी या धोरणावर कठोर टीका केली. १८९६-९७ च्या दुष्काळात दागिने मोडायला निघालेल्या कुटुंबासाठी हा कोरडा चलनशास्त्राचा प्रश्न नव्हता.

३०/
या निर्णयाची मुळातून चिकित्सा करणारा एक ग्रंथ आपल्याच मातीतल्या विद्वानाचा आहे : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी', प्रकाशन १९२३. रुपयाचा रौप्यकाळ, हर्शेल समिती आणि १८९३ ची टांकसाळबंदी यांची सविस्तर चर्चा त्यात आहे. अर्थशास्त्राची आवड असलेल्यांनी तो अवश्य वाचावा.

३१/
तर मग पेढी कोणी बुडवली? सिमल्याच्या कायद्याने भाव पाडला, वॉशिंग्टनच्या घोषणेने उरलासुरला धीर घालवला, घाबरलेल्या ठेवीदारांनी रोकड संपवली. पण हे तिन्ही घाव प्राणघातक ठरले, कारण पेढीची येणी, तिचे तारण आणि तिच्या मालकाची पत या तिन्हींची किंमत एकाच धातूवर ठरत होती. बुच कॅसिडीला एवढे नुकसान करता आले नसते. त्याला तिजोरीतली रोकडच नेता येत होती. तारण आणि पत घोड्यावर घालून नेता येत नाहीत.

काही शंका असल्यास जरूर विचारा. (समाप्त)